फिरणारे झाड, फुगणारा सांता आणि एकच तार

नाताळच्या झाडावर विजेचे दिवे प्रथम झळकले ते २२ डिसेंबर १८८२ रोजी, न्यूयॉर्कच्या पूर्व ३६व्या रस्त्यावरील एका घरात. घर होते एडवर्ड जॉन्सन यांचे. ते एडिसनचे निकटचे सहकारी आणि एडिसन इलेक्ट्रिक लाइट कंपनीचे उपाध्यक्ष. शहरातील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

लाल, पांढरे व निळे असे एकूण ८० दिवे. बहुतेक ठिकाणी ही कथा एवढ्यावरच संपवली जाते आणि तिचा सर्वांत रोचक भाग निसटतो. ते झाड स्वतःभोवती फिरत होते, मिनिटाला सुमारे ६ फेरे, आणि फिरता फिरता त्याचे रंग बदलत होते.

१८८४ साली जॉन्सन यांनी हीच रचना अधिक मोठी केली. या वेळी दिवे १२०, त्यांचे ६ संच. तळघरातील डायनॅमोची वीज झाडाच्या पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या डायनॅमोला दिली जाई आणि तो मोटर होऊन झाड फिरवी. (वीज दिली की डायनॅमोच मोटर बनतो, हे १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जगाने पाहिले होते.) झाडाभोवती तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या. झाड वळे तसा या पट्ट्यांचा विजेशी स्पर्श जुळे आणि तुटे. एक संच विझे, दुसरा उजळे. म्हणजे दिव्यांचा खटका कोणाच्या हातात नव्हताच. झाडाचे फिरणे हाच खटका. मोटर थांबली की रंगांचा खेळही थांबला!

मोटर आणि दिवा यांची हीच गाठ शतकाहून अधिक काळाने अमेरिकेतील घरांपुढच्या हिरवळीवर पुन्हा दिसते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेथे हवेने फुगणारे कापडी सांताक्लॉज आणि हिममानव बाजारात आले. हे फुग्यासारखे बंद नसतात. शिवणींतून हवा सतत निसटते, म्हणून तळाचा छोटा पंखा अखंड चालावा लागतो. आतले दिवे त्याच पंख्याच्या तारेवर जोडलेले. एक प्लग, एक खटका. विक्रेत्याच्या दृष्टीने हे सोयीचे, आणि सामान्य ग्राहकाचीही तक्रार नव्हती.

तक्रार निर्माण झाली ती संगीतामुळे. २००४ साली ओहायोतील मेसन येथे कार्सन विल्यम्स या विद्युत अभियंत्याने घरावरील १६,००० दिवे ८८ वाहिन्यांत विभागून संगणकाच्या साहाय्याने गाण्याच्या तालावर नाचवले. पुढच्या वर्षी त्याची चित्रफीत जगभर पसरली. आता असा सांता त्या तालात सामील करायचा, तर अडचण उघड होती: दिवा विझवला की पंखाही थांबणार आणि सांता जमिनीवर लोळणार. शिवाय दिवा मंद करणाऱ्या नियंत्रकावर पंख्याची मोटर चालवणे अयोग्य. ती तापते, गुरगुरते, प्रसंगी जळते.

म्हणून हौशी मंडळींनी जॉन्सन यांच्या नेमके उलट काम आरंभले. प्लग काढून आतील जोड उघडायचा, दिव्यांच्या दोन्ही तारा पंख्यापासून सोडवायच्या आणि त्यांना स्वतंत्र वाट द्यायची. पंखा कायम विजेवर, दिवे नियंत्रकाच्या वाहिनीवर. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या नमुन्यांत हे तुलनेने निर्धोक असते. फक्त एलईडीची धन व ऋण टोके सांभाळावी लागतात. जुन्या नमुन्यांत मात्र अमेरिकेतील घरगुती १२० व्होल्ट थेट आत खेळतात, तेही पावसात आणि बर्फात. तेथे हे काम जाणकारानेच करावे.

एक धोका मात्र सहज नजरेआड होतो. जुन्या पुतळ्यांत तंतूचे तापणारे बल्ब असत. एकाच तारेवर असताना पंख्याचा प्लग निघाला की बल्बही विझत. तारा वेगळ्या झाल्यावर पंख्याची वीज गेली आणि दिवे चालू राहिले, तर कोसळलेले कापड तप्त काचेवर पडू शकते. त्यामुळे जाणते लोक तारा सोडवताना बल्ब काढून एलईडी बसवतात, किंवा पंख्याला वीज मिळत असेल तरच दिव्यांना मिळेल असा रिले मध्ये जोडतात.