अपोलो बंदरची लॉग फाईल

मागच्या शुक्रवारी ऑफिसातून चक्क साडेतीनला पळालो. कारण ऐकून हसाल. एक जुना कॉलेजमित्र समुद्रविज्ञानात पीएचडी करतोय. त्याच्या विद्यापीठात दर शुक्रवारी चार वाजता सेमिनार असतो. समुद्र नाहीतर किनारा या विषयावर काम करणारं कुणीतरी येऊन तासभर बोलतं, मग प्रश्न, मग चहा. "तू ये रे, समोसे मस्त असतात," एवढ्याच आमिषावर गेलो.

बोलायला आलेल्या बाईंनी पहिली स्लाईड लावली आणि मी सरळ होऊन बसलो. मुंबईच्या अपोलो बंदरला मोजलेल्या समुद्रपातळीचा आलेख, आणि आडव्या रेघेची सुरुवात १८७८! मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली. म्हणजे मुंबईने 'हॅलो' म्हणायच्या आधीपासून कुणीतरी समुद्राचा लॉग लिहून ठेवतंय. आमच्याकडे नव्वद दिवसांपूर्वीचा लॉग मागितला तर लोक एकमेकांची तोंडं बघतात.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "पण समुद्र वर आला की जमीन खाली गेली, हे या आलेखावरून कसं कळणार?" बाई हसल्या. म्हणाल्या, "हे काम सुरू झालं तेच या प्रश्नापासून." अख्खा शनिवार-रविवार मग त्यातच गेला. त्याचा हा वृत्तांत.

भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या किनाऱ्याला नवा नाही. कोकणात एक सोपा फॉर्म्युला सांगतात: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी सरकते. तिथीला पाऊण तास धरला की तोंडी हिशोब जमतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. होडी लोटायला एवढं पुरतं. पण बंदरात मोठी जहाजं आणायची तर पाणी नक्की किती फूट चढणार हे आधी कळायला हवं, आणि ते पाऊणपटीतून निघत नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडची पद्धतशीर मोजणी जहाजांसाठी सुरू झालीच नाही. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात मोठा भूभाग खचला आणि शेजारी 'अल्लाबंद' नावाचा लांबलचक उंचवटा तयार झाला. तिथली जमीन अजून हलतेय का, हे सर्व्हे खात्याला बघायचं होतं. त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी मोजायची, काही वर्षांनी परत मोजायची आणि फरक काढायचा. १८७३ च्या सुमारास हे काम कॅप्टन बेअर्ड नावाच्या रॉयल इंजिनिअर्समधल्या अधिकाऱ्याकडे आलं. त्याने कच्छच्या आखातात भरतीमापक बसवले. ते काम इतकं नीट झालं की १८७७ साली सरकारने ठरवलं, आता देशातल्या सगळ्या महत्त्वाच्या बंदरांवर हेच करा. अपोलो बंदरचा १८७८ चा पहिला आकडा त्यातलाच.

यंत्र अगदी साधं. समुद्राला जोडलेली एक विहीर, त्यामुळे आत लाटांचा खळखळाट नाही, पाणी फक्त संथ चढतं-उतरतं. त्यावर तरंगता फ्लोट, त्याला तार, तारेच्या टोकाला पेन्सिल, आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागद गुंडाळलेला ड्रम. झालं. कठीण भाग यंत्राचा नाहीच. रोज जाऊन घड्याळ बरोबर आहे का बघा, शून्याची खूण हलली नाही ना बघा, कागद बदला, विहिरीत गाळ साचला तर उपसा. आणि हे वर्षानुवर्षं. बेअर्डने १८८६ साली या कामाचं मॅन्युअलच छापलं.

आता माझ्यासारख्या माणसाचा आवडता भाग. हा डेटा घेऊन पुढच्या वर्षाची भरती कशी सांगायची? विल्यम थॉमसनने (पुढे हाच लॉर्ड केल्व्हिन झाला) १८६७ च्या सुमारास मार्ग दाखवला. भरती म्हणजे एक लाट नाही, अनेक लाटांची बेरीज आहे. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. दोघी एकत्र चढल्या की उधाण, एक चढताना दुसरी उतरली की भांग. शिवाय चंद्र जवळ-लांब जातो, वर-खाली सरकतो, त्याच्या आणखी बारीक लाटा. प्रत्येकीचा काळ आकाशातून ठरलेला. प्रत्येक बंदरात तिची उंची आणि तिचा उशीर मात्र वेगळा, आणि तो कळायला त्याच बंदराचा निदान वर्षभराचा डेटा लागतो.

इंजिनिअरिंगला फूरिए सिरीज शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. (मी सेकंड इयरला एम-थ्री कसाबसा काढला, तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.) पण कॉम्प्युटर नसताना वर्षभराच्या सगळ्या बेरजा करणार कोण? १८७२ साली थॉमसन ब्रायटनला एका वैज्ञानिक परिषदेसाठी ट्रेनने चालला होता. सोबतच्या टॉवर नावाच्या इंजिनिअरने सुचवलं की सगळ्या पुलींवरून एकच साखळी ओवली तर बेरीज आपोआप होईल. एकेक पुली म्हणजे एकेक लाट, आपापल्या वेगाने वर-खाली होणारी. टोकाला पेन. हँडल फिरवा, भविष्यातली भरती कागदावर उमटते. वर्षभराची भरती सुमारे चार तासांत! शुद्ध पितळी ॲनालॉग कॉम्प्युटर.

आणि त्याची दुसरी, सुधारलेली आवृत्ती कुणासाठी बनली? आपल्या बंदरांसाठी. एडवर्ड रॉबर्ट्सने डिझाईन केलेलं, २० लाटांची बेरीज करणारं यंत्र १८७९ साली इंडिया ऑफिससाठी लंडनमध्ये तयार झालं. मुंबईचा डेटा बोटीने लंडनला जायचा आणि मुंबईची पुढच्या वर्षीची भरती तिकडून छापून यायची. आऊटसोर्सिंग उलट्या दिशेचं! पुढे हे काम भारतात आलं आणि आज भारताची भरतीची वार्षिक कोष्टकं सर्व्हे ऑफ इंडिया काढतं, देहरादूनहून. समुद्र कुठे, देहरादून कुठे. पण गणिताला समुद्र दिसावा लागत नाही, मोजणाऱ्याला लागतो.

मला खरा धक्का पुढे बसला. ३१ डिसेंबर १८८१ ला अंदमान-निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. तो किती मोठा, हे कुठल्याच भूकंपमापकावर नोंदलं गेलं नाही. पण बंगालच्या उपसागराभोवतीच्या आठ भरतीमापकांच्या कागदावर भरतीच्या गुळगुळीत रेघेवर बारीक दाते उमटले. त्सुनामी. लाट मीटरभरही नव्हती, घाटावरच्या माणसाला कदाचित कळलीही नसती. तेच कागद घेऊन ऑर्टिझ आणि बिलहॅम या दोन संशोधकांनी २००३ साली गणित मांडलं आणि त्या भूकंपाची तीव्रता काढली: ७.९. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ ला, प्लेट्सची तीच सीमा त्याहून कितीतरी भयंकर फाटली.

तसंच १९४५ च्या मकरानच्या त्सुनामीचं. कराची आणि मुंबईच्या भरतीमापकांनी ती टिपली होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी २०११ साली त्याच नोंदी वापरून दाखवलं की काही लाटा किनाऱ्यालगत अडकून राहतात आणि मोठी लाट पहिल्या लाटेनंतर काही तासांनीही येऊ शकते. म्हणजे 'आली आणि गेली' म्हणून लोकांनी लगेच किनाऱ्यावर परतू नये. ही जीव वाचवणारी माहिती आहे, आणि ती जुन्या कागदावरच्या रेघेतून निघाली.

आता त्या मुलीचा प्रश्न. याच संस्थेच्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ साली उत्तर हिंदी महासागरातल्या चाळीस वर्षांहून लांब नोंदीच तेवढ्या घेतल्या. जमिनीच्या संथ हालचालीची दुरुस्ती करून उत्तर काढलं: समुद्र वर्षाला साधारण १.०६ ते १.७५ मिलिमीटर चढतोय. ही विसाव्या शतकातली गती. त्यानंतर जगभरात ती वाढलीय. मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं मलाही वाटलं. पण रोज काही मीटर वर-खाली होणाऱ्या पाण्यातून वर्षाचा एक मिलिमीटर वेगळा काढायचा, तर पाच-दहा वर्षांचा डेटा कामाचा नाही. चाळीस, पन्नास, शंभर वर्षं लागतात. मागे जाऊन तो गोळा करता येत नाही. आज ज्याने कागद बदलला नाही, त्याचा तो दिवस कायमचा गेला.

२६ जुलै २००५ ला मी तिसरीत होतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दुपारी भरती, म्हणून पाण्याला समुद्रात जायला वाटच नव्हती. आई ऑफिसातून दुसऱ्या दिवशी घरी आली. मुंबईत नाल्याचं तोंड किती उंचीवर ठेवायचं, हा प्रश्न शेवटी अपोलो बंदरच्या आकड्यांशीच येऊन थांबतो.

आता एक कबुली. गेल्या वर्षी आमच्या एका प्रोजेक्टमध्ये स्टोरेजचा खर्च कमी करायला जुने लॉग्ज उडवायची सेटिंग मीच केली होती. टीमने टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांनी सिस्टिम हळू चालायला लागली आणि क्लायंटने साधा प्रश्न विचारला, "कधीपासून?" उत्तर नव्हतं. आमचं काही बुडालं नाही, दोन रात्री जागून निस्तरलं. समुद्राच्या बाबतीत दोन रात्री जागून भागणार नाही.

बेअर्डला हवामान बदल माहीत नव्हता. त्याच्या हाताखाली कागद बदलणाऱ्यांना तर नाहीच, आणि त्यांची नावं त्या आलेखावर नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ आणि शून्य सांभाळलं.

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहिलेली असते ना? ती समुद्रसपाटी म्हणजे किनाऱ्यावरच्या अशाच नऊ भरतीमापकांची सरासरी, १९०९ साली पक्की केलेली. अपोलो बंदर त्यातलंच एक. पुढच्या वेळी पुणे स्टेशनवर गाडी लेट असेल तेव्हा बघा.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम ती सेटिंग बदलायचं आहे. आणि हो, समोसे खरंच मस्त होते. येत्या शुक्रवारीही जाणार आहे, खारफुटीवर आहे म्हणे.