वंशावळीत न सापडणारी नावे

आपल्या घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोठून आला आणि आपण कोणत्या देवाचे कुळावी, हे जाणून घेण्याची हौस आपल्या समाजात जुनी आहे. गोमंतकातून घाट चढून बेळगावकडे गेलेली आणि मराठी राज्याच्या विस्ताराबरोबर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थिरावलेली घराणी आजही मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे कुलदेवतेच्या दर्शनास येतात आणि देवळातील पुरोहिताजवळ पूर्वजांची विचारपूस करतात. शिंद्यांच्या दौलतीत बक्षीगिरी गाजविणारे जिवबादादा केरकर गोमंतकातीलच केरी गावचे. असे पराक्रमी पुरुष ज्यांच्या वंशात झाले, त्यांच्या वंशावळी लिहिलेल्या सापडतात. मात्र त्या वंशावळीतील एखाद्या पुरुषाच्या आईचे नाव विचारावे, तर बहुधा उत्तर मिळत नाही. शतकापूर्वीची पणजोबांची आई कोणत्या घराण्यातली आणि तिचे माहेरचे नाव काय, या प्रश्नांपाशी बहुतेक कुलवृत्तांत मुके होतात.

याचा दोष लोकांच्या विस्मरणशक्तीला देणे योग्य नव्हे. वकिली व्यवसायात जुने कागद चाळण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येतो आणि त्यावरून आमचे असे मत झाले आहे की, कोणत्या पूर्वजाचे नाव उरावे हे पुष्कळ अंशी त्या काळच्या वारसाकायद्याने ठरविलेले असते. ज्याच्या नावावाचून मालमत्तेचा हक्क सिद्ध होत नाही, त्याचे नाव कागदावर येते. ज्याच्या नावाची गरज पडत नाही, ते आठवणीतूनही हळूहळू पुसले जाते. मृत्युपत्रे आणि मृत्युलेख यांच्या आधाराने वंशाचा शोध घेऊ इच्छिणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

वंशावळच पाहा. ब्रिटिश अमलाखालील मुंबई इलाख्यात इनामे आणि वतने यांची चौकशी करण्यासाठी १८५२ चा अकरावा कायदा झाला. त्या चौकशीपुढे इनामदारांना मूळ सनदेपासून आपल्यापर्यंतची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा दाखवावी लागे. वतन पुरुषवंशात चाले. म्हणून कैफियतीबरोबर जोडलेल्या वंशावळीत पुरुषच येत. चार मुलगे आणि पाच मुली असलेल्या गृहस्थाच्या नावाखाली चारच फांद्या निघत. ते कोणी लबाडीने केले असे नव्हे. जो प्रश्न सरकारने विचारला, त्याचेच उत्तर त्या कागदाने दिले. आज आपण त्यालाच घराण्याचा संपूर्ण इतिहास समजतो, ही चूक आपली.

मृत्युपत्राचीही अशीच कथा आहे. मिताक्षरा कायद्याखालील एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित इस्टेटीतील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणास देता येत नसे. पुरुष वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या सहहिस्सेदारांकडे आपोआप जाई. ही अडचण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दूर केली. त्यापूर्वीच्या एखाद्या सधन देशमुख-देसाई घराण्यात तीन पिढ्यांत एकही मृत्युपत्र आढळले नाही, तर कागद गहाळ झाले असे लगेच समजू नये. मृत्युपत्र करण्यासारखे कायद्याने त्यांच्या हाती काही ठेवलेच नसेल. ते करीत असत प्रामुख्याने स्वकष्टार्जित द्रव्य असलेले लोक, म्हणजे वकील, व्यापारी, सरकारी नोकर. आणि विभक्त झालेले निपुत्रिक गृहस्थ. हिंदूंच्या मृत्युपत्रांना निश्चित कायदेशीर रूप देणारा कायदा १८७० साली झाला, तोही प्रथम बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरता. यावरून जुन्या मराठी मृत्युपत्रांची विरळता समजून येईल.

जी मृत्युपत्रे झाली, त्यांतील नोंदविलेली कोठे पाहावीत? १९०८ च्या नोंदणी कायद्याने मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रे यांच्यासाठी तिसऱ्या क्रमांकाचे स्वतंत्र पुस्तक ठेविले. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला तेवढी मिळे. त्याच्या मरणानंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणासही ती मिळावी, असे त्या कायद्याने ठरविले. ज्याला वंशाचा शोध घ्यावयाचा आहे त्याच्यासाठी हे दार किती मोठे आहे, याची फार थोड्यांना कल्पना असते.

या पुस्तकात स्त्रीने केलेले मृत्युपत्र हाती लागले, तर ते सोन्याहून मोलाचे समजावे. स्त्रीधनावर तिची स्वतःची सत्ता असे. ते वाटून देताना पाटल्या कोणत्या मुलीला, गोठ कोणत्या सुनेला, नथ कोणत्या नातीला, हे तिला नावानिशी सांगावे लागे. ज्या लेकी-सुनांना वंशावळीने जागा दिली नाही, त्या अशा दागिन्यांच्या यादीत एकेक करून पुढे येतात.

आता घाट उतरून गोमंतकात येऊ. येथे कायदा निराळा आणि म्हणून कागदही निराळे. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० च्या १ जुलैपासून गोव्यात लागू झाली. त्या संहितेप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. एक वारला की अर्धी मालमत्ता हयात जोडीदाराची. उरलेल्या अर्ध्यातच वारसाहक्क. त्यातही मुलांचा राखीव भाग बापाला मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. हा राखीव भाग मूळ संहितेत दोन-तृतीयांश होता. १९१० च्या हुकुमाने तो अर्ध्यावर आला. आणि मुले म्हणजे मुलगे व मुली दोन्ही.

या व्यवस्थेचा कागदांवर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. मालमत्तेच्या वाटणीसाठी न्यायालयात जे काम चाले, त्याला पोर्तुगीजमध्ये ‘इन्व्हेंतारियु’ म्हणतात. त्यात हयात असलेला जोडीदार कुटुंबप्रमुख म्हणून शपथेवर जबानी देई: मयत कोण, तो केव्हा व कोठे वारला, मुले किती, त्यांची वये काय, कोणाचा विवाह कोणाशी झाला. नवरा वारला असेल तर ही जबानी विधवेची. जिचे नाव घाटावरच्या वंशावळीत ‘कुटुंब’ या एका शब्दाआड लपले असते, तीच येथे सर्व घराण्याची साक्षीदार म्हणून उभी राहते. तिच्या प्रत्येक मुलीचे आणि जावयाचेही नाव लिहिले जाते, कारण ते न लिहिले तर वाटणीच कच्ची राहते.

विवाहानंतर मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल वंशशोधकाला सर्वांत अधिक अडविते. माहेरची कृष्णा सासरी लक्ष्मी होते आणि दोन कागदांतली एकच स्त्री दोन भासतात. गोव्यातील नोटरीच्या कागदांत पुष्कळदा ही दोन्ही नावे ‘ऊर्फ’ने जोडलेली आढळतात. तो एक शब्द कित्येकदा दोन घराण्यांना जोडणारा सांधा ठरतो.

येथे गोव्याचे चित्र फार उजळ रंगवू नये. हिंदूंच्या काही रूढी १८८० च्या हुकुमाने राखून ठेविल्या होत्या. म्हणून कोणता कागद कोणत्या नियमाखाली झाला हे आधी पाहावे लागते. शिवाय कायद्याने मुलीला दिलेला हिस्सा घरात राहावा म्हणून तिच्याकडून नोटरीसमोर हक्कसोडपत्र करून घेण्याची चाल येथे पडली. भावाच्या नावे हक्क सोडणाऱ्या बहिणीचे नाव, तिच्या पतीचे नाव आणि तिचे राहते गाव त्या पत्रात नीट लिहिलेले असते. घराण्याच्या इतिहासात तिचा प्रवेश व्हावा आणि तो नेमका हक्क सोडण्याच्या क्षणी व्हावा, यातले दुःख वाचणाऱ्याने ओळखावे. पण ती होती आणि तिला हक्क होता, एवढे तरी तो कागद निश्चित सांगतो.

समजा, एकाच घराण्याची एक शाखा सासष्टीत राहिली आणि दुसरी बेळगावात गेली. रक्त एक, कुलदेवता एक. परंतु एकोणिसाव्या शतकाअखेरच्या कागदांवरून पाहता सासष्टीची शाखा लेकी-जावयांनी भरलेली दिसेल, आणि बेळगावच्या शाखेत जणू मुली जन्मल्याच नाहीत असे वाटेल. हा फरक कायद्याच्या सरहद्दीचा आहे. घराण्यांच्या मायेचा नव्हे.

माया कोठे होती हे पाहावयाचे, तर गोव्यातील मृत्युपत्राचा मोकळा भाग वाचावा. राखीव भाग कायद्याने दिलेला; त्यावरून नाते कळते. जो भाग मरणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेला, त्यावरून मन कळते. विधवा बहिणीला राहण्यापुरती खोली, जन्मभर सेवा केलेल्या मोलकरणीला वर्षाचे भात, देवाच्या नंदादीपासाठी काही माड: असे शब्द भेटले की तेथे थांबावे.

मृत्युलेखांची जात वेगळी. मृत्युपत्रात मरणारा बोलतो, मृत्युलेखात मागे राहिलेले बोलतात. मराठी वृत्तपत्रांत आरंभी हा मान थोर पुरुषांचा होता. रानडे १९०१ साली आणि गोखले १९१५ साली निवर्तले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेले लेख प्रसिद्धच आहेत. सामान्य घरातील मरणाची वार्ता टपालाने जाई, आणि ते अशुभ पत्र वाचून फाडून टाकावे, घरात ठेवू नये, असा आपला रिवाज. त्यामुळे जे पत्र वंशशोधकाला सर्वांत उपयोगी पडले असते, तेच आपण नेमाने नाहीसे केले. वृत्तपत्रांनी निधनवार्तांना जागा दिली, तेव्हा ही उणीव काहीशी भरून निघाली. गोव्यात १९०० साली निघालेल्या ‘ओ एराल्दो’ या पोर्तुगीज दैनिकाचे आणि पुढील मराठी पत्रांचे जुने अंक या दृष्टीने चाळण्याजोगे आहेत.

परंतु या वार्तांचा ठरीव साचा पाहा. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ मयताचे नाव, पदवी, हुद्दा सर्व येते. ज्यांनी त्याच्यासाठी अश्रू ढाळले त्यांची मात्र शिरगणती होते. याच्या उलट गोव्याच्या राजपत्राची तिसरी मालिका. १९५१ च्या कायद्याप्रमाणे नोटरीसमोर वारसपत्र झाले की त्याची जाहिरात या राजपत्रात येत असे: मयत अमुक, मरण अमुक दिवशी अमुक गावी, विधवा अमुक, मुलगा अमुक, त्याची पत्नी अमुक, मुलगी अमुक, तिचा पती अमुक. या रुक्ष मजकुरात शोक नाही. पण पन्नास वर्षांनी शोध घेणाऱ्या पणतीला शोकपूर्ण वार्तेपेक्षा तोच अधिक देईल.

कागद हाती आला तरी सावधगिरी हवी. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण शके १७८९ चा मार्गशीर्ष १८६७ सालातला असला, तरी त्याच शकाचा फाल्गुन १८६८ सालात पडतो. पोर्तुगीज कागदांत आडनावे वेष पालटतात: शेणवीचा ‘सिनाय’, कामताचा ‘कामोतिम’, प्रभूचा ‘पोरोब’ होतो. दत्तक गेलेल्या पुरुषाचा मृत्युलेख दत्तक पित्याचेच नाव सांगतो. आणि मरणशय्येवरील कागद असेल तर तो कोणाच्या लाभाचा, हे आधी विचारावे. कित्तूरचा देसाई १८२४ च्या सप्टेंबरात निपुत्रिक वारला. मरणसमयी घेतलेले त्याचे दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मान्य केले नाही, आणि पुढच्याच महिन्यात कित्तूरपुढे झालेल्या लढाईत थॅकरे मारला गेला. अखेरच्या घटकेच्या कागदावर किती मोठे ओझे पडू शकते, याचे बेळगावकरांना दुसरे उदाहरण नको.

काळ पालटला आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला एकत्र कुटुंबात जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले. गोव्यातही वारसा आणि नोटरी यांविषयीचा २०१२ चा कायदा २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आला. यापुढील कागदांत लेकींची नावे घाटाच्या दोन्ही बाजूंस येतील, कारण ती आल्यावाचून मालमत्तेचे काम पुढे सरकणार नाही.

मागील कागदांचे काय? ते वाळवी, दमट हवा आणि आपली उदासीनता यांच्या स्वाधीन आहेत. ज्यांच्या घरी जुने हक्कसोडपत्र, मृत्युपत्राची नक्कल वा निधनवार्तेचे कात्रण असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी त्यातील प्रत्येक स्त्रीचे नाव, माहेर आणि गाव एका वहीत उतरून घ्यावे. आणि पुढे घरातील कोणाची निधनवार्ता लिहिण्याचा प्रसंग आला, तर ‘तीन मुली’ असे न लिहिता त्या तिघींची नावे लिहावीत. जागा दोन ओळी अधिक लागेल, वृत्तपत्र दर थोडा अधिक आकारील. तेवढ्या खर्चात तिघीजणी आपल्या वंशात राहतील.