शिदोरीतला मोह



महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा असते. यंदा मी आणि माझ्या दोन जावा पायी गेलो, वाटेत एक मुक्काम करून. ठरवलं होतं की विकतचं काही खायचं नाही, घरी वाळवलेलंच न्यायचं आणि ते वाटेत कसं उतरतं ते बघायचं. पिशवीत वांग्याच्या खुला, मूगवड्या, पोहे आणि मोह-तिळाचे लाडू होते.

खुलांनी फजिती केली. वांगी जाड चिरली होती. तीन दगडांच्या चुलीवर पाऊण तास शिजवूनही त्या चिवटच राहिल्या. वड्या फोडून टाकल्या होत्या म्हणून लवकर शिजल्या. पोह्यांना तर नुसतं पाणी शिंपडलं की झालं. कारण पोहे म्हणजे आधीच शिजलेलं धान्य. धान भिजवायचं, भाजायचं, कांडायचं. चुलीचं काम घरीच उरकलेलं असतं. आज शहरातले लोक डोंगरावर जाताना शिजवून वाळवलेल्या जेवणाची पाकिटं नेतात. त्यामागची युक्ती हीच, आपल्या उखळातली.

लाडू मात्र सगळ्यांत सरस निघाले. दोन लाडू खाल्ले की दुपारपर्यंत भूक नाही. मुक्कामाच्या घरी डबा उघडताना धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "ताई, कोणाले सांगू नका, मोहाचे हायेत म्हणून."

तिचं ते बोलणं मला लागलं. आज त्याबद्दलच सांगायचं आहे.

मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं. बाया टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, नाहीतर गुरं आणि अस्वलं आधी पोचतात. ताज्या फुलात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. उन्हात टाकलं की ते लालसर तपकिरी होतं, झोडपून त्यातले केसर काढतात, आणि मग ते वर्षभर टिकतं. वाळल्यावर त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. प्रथिनं मात्र कमी, म्हणून सोबत तीळ, जवस किंवा चणे घालायचे. हे प्रमाण कुठल्या प्रयोगशाळेनं काढलं नाही, खाऊन-खाऊन ठरलं. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या बाया बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवतात आणि उन्हात वाळवतात. तेही असंच ठरलं असणार.

आपला भाग तेव्हा मध्य प्रांतातला चांदा जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलं राखीव झाली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे मोठे दुष्काळ पडले. धान गेलं, तेव्हा जंगलाकाठच्या लोकांना कंदमुळं आणि साठवलेला मोह यांचाच आधार होता. ज्या जंगलात शिरायला परवानगी लागत होती, त्याच जंगलानं माणसं तगवली.

मग याच फुलाची लाज कधीपासून वाटू लागली? मोहाची दारू होते हे खरं, आणि त्या दारूनं घरं बसली हेही खरं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढे तो विदर्भालाही लागू झाला. त्यात मोहफूल साठवण्या-नेण्यावरही बंधनं होती. म्हणजे डब्यातला खाऊ आणि भट्टीचा माल, कायद्याला दोन्ही सारखेच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती व्हावी म्हणून २०१० साली बाया चिमूरहून नागपूरला पायी चालत गेल्या. बंदी २०१५ साली झाली, २०२१ साली उठली. त्या चालणाऱ्या बायांमध्ये पहाटे मोह वेचणाऱ्याही होत्याच की! त्यांचं भांडण दारूशी होतं, फुलाशी नव्हतं. दारूबंदीच्या बाजूनं मीही आहे, पण हा फरक आपण तेव्हा पुरेसा बोललो नाही असं मला वाटतं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज ग्रामसभेचं झालं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०२१ साली राज्य सरकारनं मोहफुलांवरची बंधनंही सैल केली. पण कागद बदलला तरी डबा लपवायची सवय काही लगेच जात नाही.

तर त्या रात्री मी डबा मध्येच ठेवला आणि मोहाचे आहेत म्हणून सांगितलं. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी एक लाडू तोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. म्हणाल्या, "माती लागली दातात. चटईवर वाळवत जा. अन् तीळ महाग पडते, आमची माय जवस टाके."

मोह गळायला लागला की चटई अंथरणार आहे. खुलाही या वेळी पातळ चिरीन.