विचारलं खरं, पुढं काय?

आमच्या तालुक्यातली पोरं पुण्याला, चाकणला नोकरीला आहेत. त्यांच्या तोंडी हल्ली 'पल्स सर्व्हे' असतो. दर आठवड्याला नाहीतर महिन्याला मोबाईलवर चार-पाच प्रश्न येतात. साहेब ऐकून घेतात का? काम झेपतं का? एक ते पाचमधला आकडा निवडायचा, झालं. प्रकार नवा वाटतो, पण मुळं जुनी आहेत.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथं टेलिफोनचं सामान बनायचं. 1928 मध्ये व्यवस्थापनानं कामगारांच्या मुलाखती सुरू केल्या आणि 1930 पर्यंत 21 हजारांवर लोकांशी बोलणं झालं. आधी प्रश्न ठरलेले असायचे. पण माणसं विषय सोडून मनातलं बोलायला लागली. मग नुसतं ऐकायचं ठरलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली.

त्यातला एक किस्सा बघा. एका बाईनं कॅन्टीनच्या जेवणाची तक्रार केली. नंतर तिनं मुलाखत घेणाऱ्याचे आभार मानले, जेवण सुधारलं म्हणून. त्यानं तर काहीच केलं नव्हतं!

म्हणजे नुसतं ऐकून घेतलं तरी माणूस निवळतो. कंपनीनं हे बरोबर हेरलं. पुढं मंदीत मुलाखती थांबल्या, हजारोंची नोकरी गेली. 1936 पासून मात्र ऐकून घेणारे समुपदेशक नेमले. तक्रार सोडवायचा अधिकार त्यांना नव्हता. तरी ही योजना वीस वर्षं चालली.

आपल्याकडे त्याच्याही आधी वेगळंच घडलं होतं. मुंबईच्या गिरणी कामगाराला कुणी काही विचारत नव्हतं. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. सुट्टी 1890 मध्ये मिळाली.

फरक इथंच आहे. हॉथॉर्नमध्ये कामगारांचं म्हणणं मालकाच्या कपाटात गेलं. मुंबईत मागणी चारचौघांत मांडली गेली, त्यामुळे उत्तर द्यावंच लागलं.

सर्व्हे वाईट नाही. वरचेवर विचारलं तर दुखणं लवकर कळतं. पण मागच्या वेळी लोक काय बोलले आणि त्यातलं काय बदललं, हे सगळ्यांना सांगितलं पाहिजे. नाहीतर विचारणं म्हणजे नुसती फुंकर.

तुमच्या कंपनीत मागच्या सर्व्हेनंतर काय बदललं? नाव न लिहिता सांगा.