झाडाच्या धन्याचा संतोष

मागच्या वर्षी एका संकलनासाठी ‘आज्ञापत्रा’तल्या आरमाराच्या प्रकरणाचा हिंदी अनुवाद करत होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यातला झाडांविषयीचा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून इतका फिरतो की मूळ ग्रंथाचं नावही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जहाजांना सागवान लागतं, ते राज्यातल्या रानातून हुजुराच्या परवानगीनं तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. जबरदस्ती करू नये. मजकुराचा आशय एवढाच.

मी अडले ती ‘संतोष’ या शब्दाशी. आधी ‘सहमति’ लिहिलं, मग खोडलं. सहमती कागदावर अंगठा उमटवूनही मिळते. संतोष मिळवायला समोरच्या माणसाशी बोलावं लागतं.

त्याच आठवड्यात गावाहून बाबांचा फोन आला. संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. तिथं आजोबांनी लावलेले दहा-बारा साग आहेत. घराचं आढं वाळवीनं खाल्लं होतं, म्हणून बाबांना त्यातला एक तोडायचा होता. सातबारा, नकाशा, अर्ज, मग पाहणी, पंचनामा, झाडावर हातोड्याची खूण आणि लाकूड गिरणीत न्यायचं तर वाहतुकीचा परवाना. सातबाऱ्यावर मयत काकांचं नाव अजून होतं, त्यामुळे त्यांच्या वारसांचं ‘ना हरकत’ही हवं होतं. बाबा म्हणाले, “अगं, झाड आपलं, आणि विचारायचं दुसऱ्याला?”

अमात्यांच्या मजकुरात रयतेच्या झाडासाठी राज्य धन्याला विचारतं. आज धनी राज्याला विचारतो. तीनशे वर्षांत ही दिशा उलटली कशी?

सुरुवात जहाजांपासूनच झाली. इंग्लंडच्या नौदलाला सागवान हवं होतं. १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचा संरक्षक नेमलं गेलं आणि सागावर कंपनीची मक्तेदारी आली. खासगी जमिनीवरचे सागही त्यातून सुटेनात. जमीनमालक आणि व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी ते पदच रद्द केलं. पण रेल्वे आली, स्लीपरांसाठी लाकूड हवं झालं, आणि १८६४ मध्ये जंगलखातं उभं राहिलं. १८६५ आणि १८७८चे कायदे आले. पडीक रानं आणि गायरानं खात्यात ओढली गेल्याचा संताप जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वाचायला मिळतो.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानं १९६४ साली वृक्षतोड नियमनाचा कायदा केला. साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन अशा झाडांची यादी त्याला जोडली. यादीतलं झाड स्वतःच्या बांधावर असलं तरी परवानगीशिवाय तोडायचं नाही. त्यातले आंबा-फणस वाचून मी थबकले. अमात्यांनी ही झाडं राज्याच्या हातापासून वाचवली होती, इथं ती धन्याच्या हातापासून वाचवायची होती.

हे सगळं चूकच, असं मात्र म्हणवत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान मालकीचं आहे, आणि ठेकेदारांना विकून बोडके झालेले डोंगर मी लहानपणापासून पाहिले आहेत. १९६९ साली आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी वेगळा कायदा करावा लागला, कारण मोलाचा साग कवडीमोलानं उचलला जात होता. ती झाडं वनखात्यामार्फतच विकली जावीत, असं ठरलं. तिथं परवानगी ही दुबळ्या धन्याची ढालच होती. अडचण अशी, की हजार झाडं विकणारा ठेकेदार माणूस ठेवून कागद करून घेतो. एका आढ्यासाठी एक झाड मागणारा म्हातारा हेलपाटे घालतो.

सूट मिळते ती कधी एका शब्दानं. १९२७च्या भारतीय वन कायद्यात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही होता. वनस्पतिशास्त्रात तो गवत, कायद्यात झाड. २००६च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ मध्ये अखेर व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला. जंगलाबाहेर, स्वतःच्या जमिनीत बांबूचं बेट राखणाऱ्याची त्या कायद्याखालच्या पासातून सुटका झाली. एक शब्द गळायला नव्वद वर्षं लागली. भाषांतर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्या घराला शेवटी लोखंडी चॅनेल बसवलं. पावसाळा तोंडावर आला होता आणि काकांच्या मुलांच्या सह्या पुण्याहून यायच्या होत्या. साग उभा आहे. बाबा म्हणतात, “राहू दे, वाचला.” पण पुढे नवीन साग लावायचा विषय निघाला की गप्प होतात. पडवीमागं त्यांनी यंदा बांबू लावला आहे.

अनुवादात मी ‘संतोष’ तसाच ठेवला. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह केलं होतं. मी त्यांना लिहिलं, हिंदीतही हा शब्द आहे, फक्त अर्जाच्या नमुन्यात नाही.