गडचिरोलीतील दोन गावे आणि गर्भनिरोधनाचा तक्ता

#थ्रेड जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

वैद्यक, आयुर्वेद वा परिचर्या शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता असतो. डावीकडे गर्भनिरोधक साधनांची नावे, पुढे परिणामकारकता, फायदे, दुष्परिणाम. परीक्षेच्या आदल्या रात्री तो पाठ होतो. या तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे मात्र मोठा इतिहास आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लिहिले गेले. तिथवर जाण्याआधी थोडे मागे जाऊ.

मराठी समाजात हा विषय उघडपणे आणि चिकाटीने मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तो खटला ते हरले.

कर्व्यांच्या काळी साधने मोजकीच होती : पुरुषासाठी रबरी पिशवी, स्त्रीसाठी रबरी टोपी, शुक्रजंतुनाशक औषधे. विश्वासार्हता बेताचीच. तरीही ही साधने बाईने मागितली तरच दिली जात, आणि तीच ती वापरत असे. पुढे सरकारने हे काम हाती घेतले तेव्हा साधने सुधारत गेली, पण ‘बाईने मागितली तर’ ही अट सैल होत गेली. माझ्या मते पुढचा सारा इतिहास या दोन रेषांचा आहे.

१९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. सरकारी पातळीवर असे करणारा तो जगातील पहिला देश. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या, त्यांचा कल संयमाकडे. म्हणून पहिला प्रयोग झाला तो ‘सुरक्षित काळ’ पाळण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने पाठवलेले डॉ. अब्राहम स्टोन यांच्या देखरेखीखाली दिल्लीची लोधी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे तो चालला. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा आला तर निर्धास्त, लाल आला तर दूर राहायचे. यश फारसे आले नाही. पाळीचे चक्र अनियमित असेल तर माळ कुचकामी ठरते, आणि लाल मण्याच्या दिवशी नवऱ्याला नाही म्हणण्याची मुभा किती जणींना होती, हे मणी मोजून कळत नव्हते.

१९६५ मध्ये लिपेस लूप आला. प्लॅस्टिकची नागमोडी तार गर्भाशयात बसवली की काम झाले, रोजची आठवण नको. तज्ज्ञांना तो रामबाण वाटला. प्रत्यक्षात अनेकींना अतिरक्तस्राव झाला, पाठदुखी झाली, आणि विचारपूस करायला गावात कोणी नव्हते. अफवा पसरल्या. अफवांना दोष देणे सोपे आहे. रक्त जाणे मात्र अफवा नव्हती, आणि आधीच रक्तक्षय असलेल्या बाईला त्याची किंमत शरीराने मोजावी लागते. आजच्या तांबीने हा त्रास कमी केला असला तरी पाळीचा स्राव वाढू शकतो, ही नोंद तक्त्यात आजही आहे.

मग पाळी पुरुषांची आली. मुंबईत डॉ. दत्ता पै यांनी १९६७ पासून रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे चालवली. केरळात एर्नाकुलम येथे १९७१ च्या जुलैत एकाच शिबिरात त्रेसष्ट हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वैद्यकीय कसोटीवर पुरुष नसबंदी ही कायमस्वरूपी उपायांत सर्वांत हलकी : पोट उघडावे लागत नाही, जागेपुरती भूल पुरते, अपयश हजारात एखाद-दुसरे. एकच पथ्य विसरून चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने दुसरे साधन वापरावेच लागते.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातील बहुसंख्य पुरुषांच्या. तीन वा अधिक अपत्ये असलेल्या जोडप्यांवर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये संमतही केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पुढच्या वर्षी सरकार कोसळले, शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास घसरला, आणि पुरुषांना हात लावण्याचे धाडस मग कोणत्याही पक्षाला उरले नाही. उद्दिष्टे मात्र शिल्लक होती. ती स्त्रियांकडे वळली. दुर्बिणीतून स्त्री नसबंदी करण्याचे तंत्र याच सुमारास हाताशी आले आणि शिबिरे पुन्हा भरू लागली.

आता गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. बराचसा भाग जंगलाखाली, पावसाळ्यात नद्या-नाल्यांनी तुटणारी गावे, गोंड आणि माडिया वस्ती. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या वेळी आरोग्यखात्याच्या दृष्टीने ग्रामीण बाई दोनच कारणांनी दिसायची : बाळंत होताना आणि नसबंदीच्या उद्दिष्टात. या दोहोंच्या मधल्या वर्षांत तिच्या शरीराचे काय होते, याची आकडेवारी कोणाकडे नव्हती. होते ते रुग्णालयात पोहोचलेल्या बायकांचे आकडे. जी पोहोचलीच नाही, ती मोजली कशी जाणार?

राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा ही दोन गावे निवडली. तक्रार असो वा नसो, गावातल्या स्त्रियांना तपासायचे, असे ठरले. ६५० जणींची तपासणी झाली, प्रयोगशाळेतील चाचण्यांसह. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना किमान एक तरी स्त्रीरोग वा लैंगिक आजार. सरासरी काढली तर प्रत्येकीला तीनाहून अधिक. निम्मा वाटा जननमार्गातील जंतुसंसर्गाचा. आणि याआधी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार लाभलेल्या किती? फक्त ८ टक्के.

एक आकडा मला यातील सर्वांत बोलका वाटतो. ५५ टक्के जणींनी तक्रार सांगितली, ४५ टक्के म्हणाल्या, आम्हाला काही त्रास नाही. म्हणजे आजार अंगावर वागवणाऱ्या अनेक जणी ‘निरोगी’ गणल्या जात होत्या, स्वतःच्याही मते.

गर्भनिरोधनाच्या तक्त्याशी याचा संबंध काय? त्याच निबंधात एक सावध वाक्यभर निष्कर्ष आहे : स्त्रियांनी वापरायची गर्भनिरोधने आणि स्त्रीरोग यांत संबंध आढळला, पण एकूण आजारपणाचा अगदी लहान भागच त्याने स्पष्ट होतो. दोन्ही बाजूंच्या उतावीळ वाचकांनी यातला आपल्याला सोयीचा अर्धा भाग उचलला. ‘पाहा, साधनांनीच बायका आजारी पडतात’ हे चूक. ‘साधनांचा काही संबंध नाही’ हेही चूक. खरा मुद्दा असा की बायका आधीच आजारी होत्या आणि त्यांना न तपासताच साधने दिली जात होती.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. गर्भाशयमुखाला पूयुक्त संसर्ग असताना तांबी बसवली तर जंतू वर ढकलले जाऊन ओटीपोटाचा दाह होऊ शकतो. म्हणून तशा अवस्थेत तांबी बसवू नये, आधी उपचार करावा, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. पण संसर्ग ओळखायला तपासणी हवी. ज्या गावात शंभरातील आठच जणींची कधी तपासणी झाली आहे, तिथे ‘तांबी : अत्यंत परिणामकारक, सुरक्षित’ ही तक्त्यातील ओळ अपुरी ठरते. तांबी सुरक्षित आहे. कोणासाठी आणि केव्हा, हे तपासणारा हात सांगतो.

तक्त्यातील आकड्यांचीही एक गंमत आहे. अपयशाचे आकडे दोन असतात : काटेकोर वापराचे आणि नेहमीच्या वापराचे. गोळी काटेकोर घेतली तर वर्षभरात हजारात तिघींना गर्भ राहतो, नेहमीच्या वापरात शंभरात सातजणींना. निरोधचे तसेच, २ टक्के आणि १३ टक्के. तांबीत मात्र दोन्ही आकडे एक टक्क्याच्या आत, कारण ती बसली की विसरायला काही उरत नाही. यांतील ‘नेहमीच्या वापराचे’ आकडे मुख्यतः अमेरिकी सर्वेक्षणांतून आले आहेत. भामरागडला पावसाळ्यात वाट बंद झाली आणि गोळ्यांचे पाकीट संपले, तर नेहमीचा वापर कशाला म्हणायचे?

इंजेक्शनचे उदाहरण तर याहून गुंतागुंतीचे. १९८६ मध्ये ‘नेट-एन’ या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बायकांना पुरेशी माहिती न देता चाचण्या होत असल्याचा त्यांचा आक्षेप होता. पुढे ‘डेपो-प्रोव्हेरा’ १९९३ मध्ये खासगी बाजारात आले, पण सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ या नावाने यायला २०१६-१७ उजाडले. तीन महिन्यांतून एक टोचणी, घरात कोणाला कळायची गरज नाही, हा मोठा लाभ. तक्त्यात समोर लिहिलेले असते : ‘अनियमित रक्तस्राव, सौम्य दुष्परिणाम’. पण गडचिरोलीत काही गोंड-माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. कधीही ठिबकणारा स्राव म्हणजे तिथले किती दिवस, किती रात्री? शहरात बसून ‘सौम्य’ लिहिणाऱ्याला हा हिशेब सुचणार नाही. जोडीला या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. इस्ट्रोजेनयुक्त गोळी देताना रक्ताच्या गुठळीचा विचार आधी करावा लागतो.

‘सर्च’ने पुढे दवाखाना उभारला तो आदिवासी वस्तीच्या घडणीचा, आणि त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे. बाई आत यायलाच बिचकली तर सर्वांत उत्तम साधनाचीही परिणामकारकता शून्य, हा धडा त्यामागे असावा असे मला वाटते. १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्य हा शब्द मध्यभागी आला. त्या वळणामागील पुराव्यांत वसा-अमिर्झाचे आकडेही होते. १९९६ च्या एप्रिलपासून भारताने साधनवार उद्दिष्टे कागदोपत्री रद्द केली.

कागदोपत्री म्हणण्याचे कारण आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात, एका डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील डझनाहून अधिक जणी दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी केलेली होती. नवऱ्याने नसबंदी केलेल्यांचे प्रमाण ०.३ टक्के.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. त्यांनी वाचलेले भाषण आंबेडकरांनी तयार केले होते आणि ठराव फेटाळला गेला. त्या चर्चेवर पुढचा थ्रेड.