जड गाडी, हलकी गाडी आणि आमची पाणंद

मंडळी, मागचे दोन वीकेंड ब्लॉग कोरडाच राहिला. कारण घरचं होतं, आणि आजचा लेखही त्यातूनच आला आहे. तेव्हा चहा घेऊन बसा, आज जरा लांबण लागणार आहे.

आमचं घर माधवनगरला, म्हणजे सांगलीच्या अगदी कुशीत. पण शेत कवलापूरच्या बाजूला, आणि आजी, तात्या, काकू तिथल्या वस्तीवरच राहतात. डांबरी रस्ता सोडला की वस्तीपर्यंत दीडेक किलोमीटरची पाणंद आहे. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीवाट.) उन्हाळ्यात त्या वाटेवरून कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात मात्र काळी माती आपला खरा स्वभाव दाखवते.

शनिवारी रात्री साडेदहाला तात्यांचा फोन आला. आजीच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय. मी पुण्याहून त्याच संध्याकाळी पोचलो होतो. दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, किल्ली उचलली. त्याची गाडी नवीकोरी, दोन टनांच्या वरची, फोर बाय फोर. हप्ता किती ते विचारू नका. अशाच रात्रीसाठी तर घेतली होती! पण पाणंदीत निम्म्या वाटेवर गाडी बसली. बसली म्हणजे अशी, की चाकं फिरतायत आणि दरवाजाची खालची कड चिखलाला टेकलेली.

पलीकडच्या मळ्यातल्या अण्णांकडे वीस वर्षांची जुनी जिप्सी आहे. त्यांनी आजीला त्यात घातलं आणि निघाले. आमची गाडी वाट अडवून बसलेली, म्हणून त्यांनी जिप्सी शेजारच्या मोकळ्या रानात घातली. आणि तीसुद्धा अडकली! फरक एवढाच, की आम्ही पाच जणांनी "हां, एक दोन तीन" करून ढकलली आणि ती निघाली. दादाची गाडी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ट्रॅक्टरनं ओढून काढली.

आजी आता ठीक आहे. वेळेत पोचली, असं डॉक्टर म्हणाले. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय. वीस वर्षांच्या छोट्या गाडीला जे जमलं, ते एवढ्या महागड्या गाडीला का जमलं नाही? आमच्या धंद्यात असं झालं की आपण आधी जुना कोड उघडतो. मीही तेच केलं आणि थेट १९४० सालात जाऊन पोचलो.

क्लायंटची अट : वजन

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्करानं मोटार कंपन्यांना एक रिक्वायरमेंट पाठवली. चारही चाकांना ताकद देणारी, टेहळणीसाठी वापरायची छोटी गाडी हवी. नमुना ४९ दिवसांत द्यायचा. (आपण उगाच आपल्या डेडलाइन्सच्या नावानं रडतो.) आणि वजनाची अट होती १३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो.

बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्यानं दोनेक दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना लष्कराच्या दारात उभा राहिला. वजनाची मूळ अट कुणालाच पाळता आली नाही. शेवटी लष्करानं ती २१६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९८० किलोपर्यंत वाढवली. विलीज कंपनीचं इंजिन सगळ्यात दमदार होतं, पण त्यांची गाडी याही मर्यादेबाहेर जात होती. मग त्यांचा मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यानं एकेक सुटा भाग तपासून वजन छाटलं. परफॉर्मन्स ट्यूनिंग म्हणतात ते हेच!

वजनासाठी एवढा आटापिटा का? कारण गाडी अडकणार हे लष्करानं गृहीतच धरलं होतं. जुन्या विलीज जीपचा फोटो नीट बघा. अंगाला बाहेरून लोखंडी हँडल्स दिसतील. ती शोभेची नाहीत. गाडी रुतली तर शिपायांनी धरून ओढावी, उचलावी, म्हणून आहेत. म्हणजे जिला आपण आज 'दणकट मोठी गाडी' या जातीची आजी समजतो, ती जीप मुळात लहान आणि हलकी गाडी होती. इथे माझी पहिली ट्यूब पेटली.

जीप भारतात येते आणि फुगत जाते

१९४७ साली महिंद्रांनी ७५ जीपगाड्या सुट्या भागांत आयात केल्या आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधून जुन्या दुरुस्त केलेल्या २००० जीप मागवण्याचा करार झाला. आल्या फक्त १५५, आणि त्याही लष्करानं वापरण्यालायक नाहीत म्हणून नाकारल्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून 'जीप घोटाळा' आजही सांगितला जातो. डोंगरात जाणाऱ्या छोट्या गाडीची गरज किती निकडीची होती, हेही त्यातून कळतं.

पुढे जीप खेड्यात आली. आमच्या सांगली-साताऱ्याकडे साखर कारखाने उभे राहिले आणि जीप म्हणजे चेअरमन, फौजदार, तहसीलदार असं समीकरण झालं. मग ती लांब झाली. कमांडर आली, मार्शल आली, ट्रॅक्स आली. आठ-नऊ जणांच्या गाडीत अठरा जण कोंबून, दोघं मागे लटकवून जे वाहन चालायचं त्याला आम्ही 'वडाप' म्हणतो. ज्यानं वडापमधून प्रवास केला नाही, त्यानं मल्टिथ्रेडिंगवर बोलू नये. :-)

पण गंमत अशी, की या गावाकडच्या जीपगाड्यांपैकी पुष्कळशा फोर व्हील ड्राइव्ह नव्हत्याच. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. आमच्या आजोबांची जीपही तसलीच. म्हणजे बाहेरचं रूप जीपचं राहिलं, वजन वाढत गेलं, आणि जिच्यासाठी मूळ डिझाइन झालं ती गोष्टच गळून पडली.

तिकडे जपानमध्ये

लहानपणाचं ते सूत्र जपाननं उचललं. तिथं छोट्या गाड्यांना करात सवलत होती, पण इंजिन ३६० सीसीच्या आत आणि लांबी तीन मीटरच्या आत हवी. १९६० च्या दशकाच्या शेवटी होप मोटर नावाच्या छोट्या कंपनीनं या मापात एक फोर व्हील ड्राइव्ह गाडी बनवली. सुझुकीनं तिचे हक्क विकत घेतले आणि १९७० मध्ये एलजे-१० आणली. इंजिन ३५९ सीसी! लांबी मापात बसावी म्हणून स्टेपनी मागे लटकवण्याऐवजी आत, सीटच्या जागी ठेवली होती. बाइकएवढ्या इंजिनवर डोंगर चढायचा. पण गाडीच इतकी हलकी, की ते चालून जायचं.

त्याच घराण्यातली मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस भारतात आली. इंजिन ९७० सीसी, ताकद बेताची. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली. वजन टनाच्या आसपास, म्हणजे १९४० च्या त्या सुधारित अटीच्या जवळपास! लष्करात जबलपूरची जोंगा होती, निसानच्या परवान्यावर बनणारी, चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. तिची आणि जुन्या जीपची पुष्कळशी कामं जिप्सीनं घेतली. रेड द हिमालयसारख्या शर्यतींमध्ये, जंगल सफारीमध्ये, सगळीकडे जिप्सी दिसू लागली. २०१९ मध्ये ती सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली आणि २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली. तिचंही वजन १२०० किलोच्या आसपासच.

मग ऑल व्हील ड्राइव्ह कुठून आलं?

हेही एका छोट्या गाडीमुळेच. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे इंजिनिअर फिनलंडच्या बर्फात चाचण्या घेत होते. सोबत लष्करासाठी बनवलेली फोक्सवॅगन इल्टिस होती, फक्त ७५ हॉर्सपॉवरची. आणि तिनं बर्फात जास्त ताकदीच्या ऑडी गाड्यांना मागे टाकलं. यॉर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरनं ते हेरलं आणि त्यातून १९८० ची ऑडी क्वात्रो जन्मली. चारही चाकांना सतत ताकद देणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांची लाट तिथून जोरात आली. आपल्याकडे २०१४ मध्ये ऑल व्हील ड्राइव्ह डस्टर आली, ती याच वळणाची.

दोन्हींत फरक काय? अस्सल फोर बाय फोरमध्ये एक जास्तीचा लो-रेंज गिअर असतो. त्यानं गाडी मुंगीच्या पावलांनी, पण प्रचंड जोरात ओढते. छोट्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये तो बहुधा नसतो. डस्टरनं पहिला गिअरच खूप आखूड ठेवून त्यावर पळवाट काढली होती. ओला घाट, वाळू, निसरडं गवत यांना तेवढं पुरतं. मोठमोठे दगड आणि खोल चाकोऱ्या यांना नाही पुरत.

पण चिखलात नेमकं काय होतं?

आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि टायरच्या खाचांत शिरून बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत. मग चारही चाकांना ताकद आहे की दोन, याला फारसा अर्थ उरत नाही. चारही चाकं एकदम जागच्या जागी फिरतात, एवढंच.

आता वजन. जमिनीच्या वरच्या थरावर किती दाब पडतो ते मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतं. म्हणून तर अनुभवी लोक चिखलात हवा कमी करतात. पण तो दाब किती खोलवर पोचतो, ते एकूण वजनावर ठरतं. जड ट्रॅक्टरनं खालची जमीन आवळते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार याच कारणानं. वर सुकलेला पापुद्रा आणि खाली लोणी असेल, तर हलकी गाडी पापुद्र्यावरून निघून जाते आणि जड गाडी तो फोडून खाली बसते. आणि बसल्यावर? तिला बाहेर काढायला लागणारा जोरही वजनाबरोबर वाढतो. एक टन पाच माणसांना हलवता येतो. दोन टनांना ट्रॅक्टर लागतो.

आता मोठ्या गाडीची बाजूही सांगायला हवी, नाहीतर दादा वाचेल आणि पुढच्या दिवाळीला मला फराळ मिळणार नाही. लष्करानं २०१७ मध्ये जिप्सीच्या जागी सफारी स्टॉर्मची ३१९२ गाड्यांची ऑर्डर दिली. का? कारण आता गरज ८०० किलो ओझं वाहण्याची होती, आणि जिप्सी ५०० किलोच्या वर्गातली. जास्त माणसं, जास्त सामान, लांबचा हायवे, अपघातातली सुरक्षितता यांत मोठी गाडी उजवी, यात वाद नाही. फक्त 'मोठी म्हणजे कुठेही जाणारी' हे जे आपण जाहिराती बघून धरून चालतो, ते इतिहासाला धरून नाही. आणि पुरापुढे तर दोघीही सारख्याच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा सांगलीत कामाला आल्या त्या होड्या.

असो. हे सगळं पुराण मी परवा वस्तीवर आजीला आणि दादाला ऐकवलं. अण्णाही होते. ते एवढंच म्हणाले, "गाडी लय जड हाय रं ती. रान काय इचारतंय व्हय, किती लाखाची म्हणून?"

दादा गप्प. मला वाटलं, आता गाडी विकायचं काढतोय. तेवढ्यात आजी म्हणाली, "तुझा आजा पावसाळ्यात जीप डांबरीवरच बाभळीखाली लावायचा अन् चालत यायचा. कवा अडकली न्हाई त्याची जीप."

सत्तर-ऐंशी वर्षांच्या इतिहासावर आजीनं दोन वाक्यांत कमेंट टाकली! आजोबांना माहीत होतं की आपली जीप चिखलात जाणार नाही, म्हणून ते थांबत. दादाला वाटलं आपली जाईल, म्हणून तो थांबला नाही. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो आणि मलाही तसंच वाटलं होतं. मोठ्या गाडीनं आम्हाला अडकवलं नाही, तिच्यावरच्या भरवशानं अडकवलं. त्या रात्री डांबरीवर गाडी लावून चालत गेलो असतो, अण्णांना फोन केला असता, तर आजी पाऊण तास आधी दवाखान्यात पोचली असती. हा पाऊण तास माझ्या मनातून जात नाहीये.

दादानं गाडी विकलेली नाही. पण दिवाळीनंतर पाणंदीवर मुरूम टाकायचं ठरलंय. दादा, तात्या, अण्णा आणि वाटेवरचे इतर शेतकरी मिळून वर्गणी काढणार आहेत. माझाही वाटा आहे. तोवर पावसात गाडी बाभळीखालीच.

चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटूच.